घरी बनवलेली बुडबुड्यांची एचिंग टाकी: कुठे खरी उतरते, कुठे फसते

पीसीबीवरचं (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचं) नको असलेलं तांबं रसायनाने उतरवायचं, म्हणजे एचिंग करायचं, तर ट्रेमध्ये फेरिक क्लोराइड ओतून अर्धा तास ट्रे डोलवत बसायचं, ही पद्धत काही चुकीची नाही. एकतर्फी बोर्ड, मिलिमीटरभर रुंद ट्रॅक (तांब्याच्या रेषा) आणि महिन्याकाठी एखादाच नग एवढंच काम असेल, तर बुडबुड्यांची टाकी, म्हणजे तळातून हवा सोडलेली उभी टाकी, बनवायच्या भानगडीत पडू नये. ती जागा अडवते, तिला धुवावं लागतं, आणि दीड लिटर रसायन सांभाळत बसावं लागतं. पण दुतर्फी बोर्ड, ०.३ मिमीचे ट्रॅक आणि दर आठवड्याला दोन-तीन नग असा प्रकार असेल, तर या टाकीला घरच्या घरी दुसरा चांगला पर्याय नाही. वेळ वाचतो म्हणून तिचं कौतुक होतं, पण तिचा खरा गुण वेगळाच आहे: दोन्ही बाजूंचं तांबं एकाच वेळी, एकसारखं उतरतं.

त्याचं कारण सोपं आहे. तांब्याला चिकटून असलेला रसायनाचा पातळ थर काही सेकंदांत वापरला जातो आणि तिथेच बसून राहतो. ताजं रसायन आत येत नाही, तोवर तांबं निघत नाही. ट्रे हलवून आपण तो थर पुसतो, तोही वरच्या बाजूचाच. उभ्या टाकीत बोर्डाच्या दोन्ही अंगांनी वर चढणारे बुडबुडे हे काम न थांबता करतात. बोर्ड जितका कमी वेळ आत, तितकं ट्रॅकच्या कडेखालून तांबं कमी खाल्लं जातं; बारीक ट्रॅक वाचतात ते यामुळे.

आता टाकीच्या एकेका भागाकडे वळू. सगळे भाग बाजारात सहज मिळतात, पण सगळे सारख्याच भरवशाचे नाहीत.

डबा

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे स्वयंपाकघरात पोहे-शेवया भरायचा उंच, अरुंद, पॉलिप्रॉपिलीनचा डबा. पॉलिप्रॉपिलीनला फेरिक क्लोराइडही काही करत नाही आणि परसल्फेट हे तांबं उतरवणारं दुसरं रसायनही नाही, शिवाय ५० अंशांना ते मऊ पडत नाही. दोष एवढाच की त्याला कुठलाही गोंद किंवा सिलिकॉन धरत नाही. तळाला भोक पाडून हवेची नळी आत घ्यायची आणि सिलिकॉन फासायचं, हा प्रकार महिन्याभरात गळतोच. या डब्यात नळी वरूनच उतरवावी. दुसरं म्हणजे हे डबे बहुतेक ८-१० सेंमी जाडीचे असतात, त्यामुळे गरज नसताना दुप्पट रसायन लागतं. पीईटीचे चकचकीत पारदर्शक डबे मात्र घेऊ नयेत. गरम रसायनात ते वाकतात.

काच हा उत्तम पर्याय. फिशटँक बनवणारा कुठलाही कारागीर ५ मिमी काचेत मापाची टाकी बांधून देतो. आतून २०० मिमी लांब, ४० मिमी रुंद आणि २६० मिमी उंच टाकी हवी असेल तर तुकडे असे सांगावेत: २१० × २६० चे दोन, ४० × २६० चे दोन, आणि तळाला २१० × ५० चा एक. भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहतात आणि लांब काचा आखूड काचांना दोन्हीकडून झाकतात. वरच्या कडा घासून घ्यायला विसरू नये. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच वापरावं, तेच व्हिनेगरसारखा वास येणारं. स्पर्शाला ते तासाभरात कोरडं वाटतं, पण आतपर्यंत सुकायला दोन-तीन दिवस लागतात. मग साधं पाणी भरून, खाली वर्तमानपत्र अंथरून टाकी २४ तास ठेवावी. कागदावर एकही ओला डाग दिसला, तर त्या टाकीत रसायन भरायचं नाही.

अ‍ॅक्रिलिकही चालतं, पण ते क्लोरोफॉर्मने जोडतात, सिलिकॉनने नाही. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला वरवर चिकटतं आणि नखाने सोलून निघतं. क्लोरोफॉर्मचा सांधा मात्र कडा अगदी सरळ कापलेल्या असल्या तरच पूर्ण धरतो.

अशी टाकी कशीही बनवली तरी तिच्यात एक दोष राहतोच: २६ सेंमी उंच आणि जेमतेम ५ सेंमी जाड वस्तू धक्का लागताच आडवी होते. तिला लाकडी खाचेत उभं करावं आणि सगळंच एका प्लास्टिकच्या टबात ठेवावं. टब असा हवा की टाकी पूर्ण रिकामी झाली तरी द्रव त्याच्यात मावेल. फेरिक क्लोराइड एकदा का फरशीवर सांडलं, की तो पिवळा डाग पिढ्यानपिढ्या राहतो.

बुडबुड्यांची नळी

बनवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

अ‍ॅक्वेरियमच्या हवेच्या पंपासोबत मिळणारा एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, वापरायचा मोह होतो. पहिल्या दिवशी तो छान बारीक बुडबुडे देतो. पण त्याची वाळू ज्या गोंदाने धरलेली असते तो गरम रसायनात सुटत जातो, आणि फेरिक क्लोराइडचा गाळ त्याची छिद्रं बुजवतो. चार-पाच बोर्डांनंतर अर्धा दगड मुका झालेला असतो. शिवाय तो एकाच जागी बुडबुडे सोडतो आणि बोर्डावर मधोमध एक पट्टा आधी साफ होतो.

त्यापेक्षा ठिबक सिंचनाच्या दुकानातली ६ मिमीची काळी नळी घ्यावी. महाराष्ट्रात हे दुकान तालुक्याच्या गावीही असतं, आणि नळीसोबत एल्बो, जॉइनर, शेवट बंद करायची टोपी हे सगळं पॉलिथिनमध्ये मिळतं. या रसायनांना पॉलिथिन दाद देत नाही. एक नळी टाकीच्या कोपऱ्यातून खाली आणावी, तळाशी एल्बो लावून १५० मिमीचा आडवा तुकडा जोडावा आणि त्याचं टोक बंद करावं.

आता भोकं. बोर्डाला भोकं पाडायचा ०.८ मिमीचा ड्रिल आपल्याकडे असतोच, तोच वापरावा. दर ८ मिमीवर एक अशी १८ भोकं पाडावीत. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. नळीचा आतला व्यास ४ मिमी धरला, तर तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौ. मिमी होतं. ०.८ मिमीच्या १८ भोकांचं मिळून ९ चौ. मिमी. भोकांची बेरीज नळीच्या तोंडापेक्षा कमी आहे, म्हणून नळीत थोडा दाब टिकतो आणि हवा शेवटच्या भोकापर्यंत पोचते. १ मिमीची १६ भोकं पाडली, की बेरीज बरोबर १२.६ होते. मग अलीकडची पाच-सहा भोकं धो धो वाहतात आणि पलीकडची नुसती बघत बसतात. 'पंप कमजोर निघाला' म्हणून मोठा पंप आणणाऱ्यांपैकी पुष्कळांची गफलत ही असते.

भोकांची तोंडं तिरकी, खालच्या बाजूला असावीत. वर असली की पंप बंद करताच गाळ आत शिरतो. आडवा तुकडा अगदी समपातळीत बसवावा. एक टोक ५ मिमीने जरी वर राहिलं, तरी तिथे द्रवाचा दाब कमी असल्याने सगळी हवा त्याच टोकाने पळते. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, त्यात पोटात हवा. नळी तरंगू पाहणारच. सक्शन कप गरम रसायनात सुटतात. नळी काचेच्या सळीला नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधावी आणि सळी तळाला सिलिकॉनच्या दोन थेंबांनी चिकटवावी. वजन म्हणून शिसं, नट-बोल्ट, संगमरवराचा तुकडा यांतलं काहीही आत टाकू नये. धातू विरघळतो, संगमरवर आम्लात फसफसतो. स्टेनलेस स्टीलही चालत नाही, फेरिक क्लोराइड तेही खातं.

पंप म्हणून दोन तोंडांचा साधा अ‍ॅक्वेरियम पंप पुरतो. २१ सेंमी उंचीच्या द्रवाचा दाब त्याच्यासाठी किरकोळ आहे. फेरिक क्लोराइड पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, तरीही. पंप द्रवाच्या पातळीच्या वर, फळीवर ठेवावा आणि मध्ये प्लास्टिकचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह अडवणारी झडप) बसवावा. वीज गेली की नळीतून रसायन उलटं पंपात चढतं. भारनियमनाच्या भागात हा व्हॉल्व्ह नसलेला पंप फार दिवस टिकत नाही. हवा कमी-जास्त करायला प्लास्टिकचा छोटा कॉक लावावा, पितळेचा नको.

बुडबुडे नीट आहेत हे ओळखायचं कसं? टाकीच्या अरुंद बाजूने आत बघावं. बोर्ड बुडबुड्यांच्या पडद्याच्या बरोबर मधोमध हवा, म्हणजे पडदा दुभंगून दोन्ही अंगांनी सारखा चढतो. बुडबुडे मोहरीपेक्षा मोठे नि वाटाण्यापेक्षा लहान असावेत. बोर्ड थरथरत असेल आणि पृष्ठभाग उसळत असेल तर हवा जास्त आहे, कॉक आवळावा. जास्त हवेने काम लवकर होत नाही, उलट बोर्डाला रसायनाऐवजी हवाच जास्त लागते आणि टाकीभोवतीच्या सगळ्या वस्तूंवर बारीक तुषार बसतात. द्रवाच्या वर ५ सेंमी भिंत मोकळी सोडावी आणि वर खाच पाडलेलं झाकण ठेवावं. जवळच्या लोखंडी पक्कड-पान्यांवर दुसऱ्या दिवशी गंज दिसला, तर दोष झाकणाचा.

हीटर

सगळ्या टाकीत सगळ्यात कच्चा दुवा हाच, आणि जिवावर बेतेल असाही हाच.

अ‍ॅक्वेरियमचा १०० वॅटचा काचेचा हीटर चांगला, कारण द्रवाला फक्त काच लागते. टाकीत साधारण १.६ लिटर द्रव असतो. तो २५ वरून ४५ अंशांवर न्यायला १०० वॅटला हिशेबाने २२ मिनिटं लागतात; काचेतून आणि बुडबुड्यांतून उष्णता निसटते म्हणून प्रत्यक्षात अर्धा तास धरावा. अडचण अशी की हे हीटर माशांसाठी बनवलेले असतात आणि ३२-३४ अंशांना बंद होतात. जुन्या पद्धतीच्या, वर फिरकी असलेल्या हीटरमध्ये आतली द्विधातूची पट्टी थोडी आवळून ही मर्यादा वाढवता येते. डिजिटल हीटरमध्ये हे जमत नाही, म्हणून खास या कामासाठी महागातला हीटर घेऊ नये. पट्टी आवळल्यावर तापमान नेमकं राहत नाही. वर बाहेरचा थर्मोस्टॅट लावून त्याचा सेन्सर एका टोकाला बंद असलेल्या काचेच्या नळीत सोडावा. सेन्सरची धातूची टोपी उघडी सोडली तर तीही विरघळते.

काही गोष्टींत सूट नाही. हीटर द्रवात पूर्ण बुडाल्याशिवाय चालू करायचा नाही. बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढायचा नाही, कारण गरम काच हवेत तडकते. टाकीत हात किंवा चिमटा घालण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. आणि ही जोडणी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच करायची, कारण तडकलेल्या हीटरभोवतीचं रसायन उत्तम वाहक असतं.

आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड या टाकीत कधीही घालू नये. त्याचं वेटोळं तांब्याचं असतं, वर निकेलचा मुलामा. म्हणजे रसायनाने खायला जे हवं तेच आपण त्याच्या पुढ्यात ठेवतो. आवरण खाल्लं गेलं की आतली वीज थेट द्रवात येते.

वायर-थर्मोस्टॅटचं काम हाताला नवं असेल तर हीटरचा नाद सोडून द्यावा. रसायनाची टाकी ६० अंशांच्या गरम पाण्याच्या बादलीत उभी केली, की एका बोर्डापुरती ऊब मिळते. दिसायला हे मागासलेलं वाटतं, पण कधीमधी लागणाऱ्या कामाला आमची पसंती यालाच.

रसायन

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर हातात पडतं ते फेरिक क्लोराइड. ते दमदार आहे, बरेच दिवस टिकतं, पण बुडबुड्यांच्या टाकीला ते शोभत नाही. गडद तपकिरी द्रवात बोर्ड दिसतच नाही, म्हणजे काचेची टाकी असून नसल्यासारखी. त्यात हवा घालत राहिलं की लोखंडाचा गाळ धरतो आणि तो नेमका भोकांत बसतो. तरी तेच वापरायचं असेल तर पाकिटात काय आहे ते पाहावं: काळपट हिरवी पूड निर्जल असते, पिवळे-तपकिरी खडे पाणी धरलेले असतात. तेवढ्याच ताकदीला खडे पुडीच्या १.६७ पट लागतात. पूड पाण्यात थोडी थोडी टाकावी, पाणी पुडीवर ओतू नये. तसं केलं तर द्रव उकळीच्या जवळ तापतो आणि आम्लाच्या वाफा येतात.

या टाकीचं खरं रसायन सोडियम परसल्फेट. लिटरला २२० ग्रॅम, म्हणजे दीड लिटरला ३३० ग्रॅम. ते कोमट पाण्यात विरघळवावं. द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि तांबं विरघळत जाईल तसा निळा होतो. ४० ते ४५ अंशांत ३५ मायक्रॉन तांब्याचा बोर्ड ताज्या द्रवात दहा मिनिटांच्या आसपास होतो, आणि शेवटची दोन मिनिटं डोळ्यांनी बघता येतात. ५० च्या वर नेऊ नये. परसल्फेट आपोआप फुटायला लागतं आणि ताकद हवेत जाते. अमोनियम परसल्फेटही असंच काम करतं, फक्त थंडीत तळाशी निळे खडे धरतात आणि नळीची भोकं बुजतात.

एक ग्रॅम तांब्याला ३.७५ ग्रॅम सोडियम परसल्फेट लागतं. १०० × १५० मिमीच्या एकतर्फी बोर्डावर ४.७ ग्रॅम तांबं असतं, त्यातलं निम्मं काढायचं धरलं तर नऊ ग्रॅम परसल्फेट पुरतं. द्रव निम्मा खर्ची पडल्यावर वेग बराच मंदावतो, हे लक्षात घेऊनही दीड लिटरमध्ये असे अठरा बोर्ड व्हायला हवेत. होत मात्र नाहीत, कारण हे द्रावण न वापरताही आठवड्यागणिक मरत जातं. म्हणून चार-पाच बोर्ड साठवून एका बसण्यात उरकावेत आणि तेव्हाच ताजा द्रव बनवावा.

उरलेलं परसल्फेट घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नये. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगते आणि फुटते. कोरडी पूडही कागद-चिंध्यांपासून दूर ठेवावी, ती आग भडकवते. आणि तिची धूळ नाकात जाऊ देऊ नये, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाची पुष्कळ शिफारस होते. बुडबुड्यांतला ऑक्सिजन ते द्रावण पुन्हा ताजं करतो, हे खरं आहे. पण तेच बुडबुडे आम्लाची वाफ आणि क्लोरीन खोलीभर उडवतात. उघड्या गच्चीशिवाय हा प्रकार या टाकीत करू नये.

बोर्ड आत गेल्यावर

बोर्ड नायलॉनच्या दोऱ्याने किंवा प्लास्टिकच्या चिमट्याने टांगावा आणि अर्ध्या मिनिटाने एकदाच बाहेर काढून धुऊन पाहावा. जिथे रसायन लागलं तिथलं तांबं मंद गुलाबी, बिनचमकेचं दिसतं. कुठे चकचकीत ठिपका राहिला असेल तर तिथे बोटाचं तेल किंवा ड्राय फिल्मचा (ट्रॅक झाकायला बोर्डावर चिकटवतात त्या फिल्मचा) थर आहे. तो आत्ताच साफ करावा. दहा मिनिटांनी ते कळून उपयोग नसतो, तोवर बाकीचे ट्रॅक खाल्ले जायला लागतात. निम्म्या वेळात बोर्ड वरचा खाली करून पुन्हा टांगावा, कारण वरच्या भागाला बुडबुडे मोठे आणि विखुरलेले मिळतात. मोठी कोरी जागा सोडण्यापेक्षा डिझाइनमध्येच तिथे ग्राउंडचं तांबं भरून ठेवावं. रसायनही वाचतं आणि बोर्डही एकसारखा उतरतो.

टोनर ट्रान्स्फर (लेझर प्रिंटची शाई इस्त्रीने बोर्डावर उतरवणं) आणि ड्राय फिल्म दोन्ही या टाकीत टिकतात. मार्कर पेनने काढलेले ट्रॅक मात्र गरम परसल्फेट आणि बुडबुड्यांच्या माऱ्यात कडांनी सुटतात; त्यांना ट्रेच बरा. हायलमचे (कागद-रेझिनचे) बोर्ड जास्त वेळ आत राहिले तर कडांनी रसायन पितात, त्यामुळे या टाकीला ग्लास इपॉक्सीच (काचतंतूंचा बोर्ड) घ्यावं.

संपलेला द्रव मोरीत ओतायचा नाही. विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक असतं, आणि वाटेत धातूचा पाइप आला तर तोही जातो. निळ्या द्रवात लोखंडाचा कीस टाकून दोन दिवस ठेवावं. तांबं लाल चिखल होऊन कीसावर बसतं. मग फेस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा घालावा आणि गाळ खाली बसू द्यावा. बादली उघडीच ठेवावी, झाकण लावलं तर वायू कोंडतो. गाळ वाळवून बंद डब्यात साठवावा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे काम होत असेल तर तो डबा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे संस्थेमार्फत पाठवता येतो. टाकी मात्र त्याच दिवशी धुवावी, आणि पंप चालू ठेवूनच नळी साध्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवावी. भोकांत सुकलेला गाळ नंतर सुईनेही निघत नाही.